भोकं बुजवली की इंजिन गप्प?

बोटीच्या इंजिनखोलीला आवाजरोधक फोम लावताना ‘हवेची भोकंही बुजवा, आवाज थांबेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. २ लिटरचं साधं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३००० लिटर हवा ओढतं. ती अडवली की ताकद घटते, धूर काळा होतो, खोली तापते.

पेट्रोल इंजिन असेल तर प्रकरण थेट स्फोटाचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून ब्लोअरचा (वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा) पाइप खाली, पण साचलेल्या पाण्याच्या वर असावा. स्टार्टरआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवायचा.

मग आवाजाचं काय? हवेच्या वाटेला आतून फोम लावलेलं वळण द्या. हवा वळते, आवाज बराचसा फोममध्येच जिरतो. वाट मात्र अरुंद करू नका.