एल पासोची ती सात मुलं कोणत्या शाळांतून आली?

अमेरिकेत मार्च उजाडला की कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते, आणि तिच्या निमित्ताने १९ मार्च १९६६ च्या सामन्याची गोष्ट पुन्हा एकदा निघते. स्थळ मेरीलँडमधलं कोल फील्ड हाउस. एका बाजूला केंटकी विद्यापीठ: देशात पहिल्या क्रमांकाचा संघ, प्रशिक्षक अडॉल्फ रप यांच्या खात्यावर आधीच चार विजेतेपदं आणि संघातला प्रत्येक खेळाडू गोरा. समोर टेक्सास वेस्टर्न, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो गावातलं कॉलेज. तिथल्या डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीला उतरवलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. टेक्सास वेस्टर्नने ७२-६५ असा विजय मिळवला. त्यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू एकूण सात होते.

बहुतेक ठिकाणी गोष्ट एवढ्यावरच संपते. हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला, त्यात हॅस्किन्सना पहिल्याच वर्षी विजेता करून टाकलं. प्रत्यक्षात ते त्यांचं पाचवं वर्ष होतं. मला मात्र त्या सामन्यापेक्षा खेळाडूंच्या नावापुढे लिहिलेलं गाव आणि शाळा जास्त बोलकी वाटते. गॅरी, ब्राँक्स, हायलंड पार्क, ह्यूस्टन. हजार ते तीन हजार किलोमीटरवरची मुलं वाळवंटातल्या एका आडबाजूच्या कॉलेजात कशाला आली असतील?

आधी कॉलेजबद्दल. ते १९१४ मध्ये खाणकाम शिकवण्यासाठी सुरू झालं, म्हणून संघाचं नाव आजही ‘माइनर्स’, म्हणजे खाणकामगार. आपल्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे तिथल्या इमारती भुतानी पद्धतीच्या आहेत. उतरत्या जाड भिंती, पुढे आलेली रुंद छपरं, भिंतीच्या वरच्या भागात विटांची नक्षी. सिक्कीममध्ये ब्रिटिशांचे राजकीय अधिकारी असलेले, कलकत्त्यात जन्मलेले जॉन क्लॉड व्हाइट यांचा भूतानवरचा सचित्र लेख १९१४ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये आला. तो डीनच्या पत्नी कॅथलीन वॉरेल यांच्या पाहण्यात आला आणि एल पासोच्या उघड्याबोडक्या डोंगरउतारावर असेच वाडे शोभतील असं त्यांनी सुचवलं. सुचवलं आणि झालंही!

टेक्सास हे गुलामगिरीच्या बाजूने लढलेलं राज्य, तरी एल पासो त्याच्या अगदी पश्चिम टोकाला, ह्यूस्टन-डॅलसपेक्षा मेक्सिकोतल्या ह्वारेझच्या जवळचं. त्यामुळे एल पासोत भेदभाव नव्हता असं कुणी समजू नये. कृष्णवर्णीय मुलांसाठी डग्लस नावाची वेगळी शाळा होती. तिथे पहिली आलेली थेल्मा व्हाइट हिने १९५४ मध्ये टेक्सास वेस्टर्नकडे अर्ज केला, तो रंगामुळे नाकारला गेला. ती कोर्टात गेली, १९५५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि त्या वर्षी बारा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॉलेजात दाखल झाले. थेल्मा स्वतः तोवर शेजारच्या न्यू मेक्सिकोत शिकू लागली होती. ती तिकडेच राहिली. जिच्यामुळे दार उघडलं ती त्यातून कधी आत गेलीच नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, चार्ली ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू बास्केटबॉल संघात आला. हॅस्किन्स तिथे पोहोचायला अजून पाच वर्षं होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हॅस्किन्स १९६१ मध्ये आले ते थेट शाळेच्या मैदानावरून. बेंजामिन, हेडली, डूमास अशा टेक्सासच्या छोट्या गावांत त्यांनी मुलांचे आणि मुलींचेही संघ घडवले होते. कॉलेजने नोकरी दिली त्यात मुलांच्या वसतिगृहाची देखरेखही आली. बायको-मुलांसह ते तिथेच राहत. संघात आयते तीन कृष्णवर्णीय खेळाडू मिळाले. त्यांतला नोलन रिचर्डसन एल पासोच्याच बोवी शाळेचा. पुढे १९९४ मध्ये आर्कान्सासचा प्रशिक्षक म्हणून त्याने स्वतः राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आता त्या सात मुलांकडे वळू. हॅरी फ्लॉर्नॉय आणि ऑर्स्टन आर्टिस हे दोघे इंडियानातल्या गॅरीचे. गॅरी म्हणजे यू. एस. स्टील कंपनीने १९०६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी वसवलेलं पोलादाचं शहर. आपल्याकडचं जमशेदपूर डोळ्यांसमोर आणलं तरी चालेल. तिथल्या शाळा त्या काळी देशभर नावाजलेल्या. वर्गांबरोबर कार्यशाळा, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, सगळं एकाच आवारात. फ्लॉर्नॉय ‘इमर्सन’चा, आर्टिस ‘फ्रोबेल’चा.

या दोन्ही शाळांचा इतिहास काढला की अंगावर येतो. १९२७ च्या सप्टेंबरमध्ये इमर्सनमध्ये काही कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला म्हणून सहाशेवर गोरी मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. शहराने नमतं घेतलं: नव्याने आलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांना काढलं आणि कृष्णवर्णीयांसाठी रूझवेल्ट ही वेगळी शाळा बांधायला घेतली. फ्रोबेलमध्ये दोन्ही रंगांची मुलं एका छताखाली होती, पण तलावात एकत्र उतरायची सोय नव्हती. १९४५ मध्ये तिथेही गोऱ्या मुलांनी संप केला. तो मिटवायला लोकप्रिय गायक फ्रँक सिनात्रा खास गॅरीला आला. १ नोव्हेंबरला भरगच्च सभागृहात गायला, मुलांना समजावून बोलला. गाणं ऐकून पोरं घरी गेली आणि संप चालूच राहिला. अखेर शाळा मंडळाने १९४६ मध्ये भेदभाव संपवण्याचा ठराव केला. आर्टिस आणि फ्लॉर्नॉय अशा शहरात वाढले. ज्या इमर्सनने एकेकाळी त्यांच्यासारख्यांना हुसकावलं, तिच्याच नावाने फ्लॉर्नॉय पुढे ओळखला गेला.

न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्सच्या तिघांची कथा शाळेपेक्षा शाळेबाहेरच्या मैदानाची आहे. विली वर्सली हा डीविट क्लिंटन हायस्कूलचा, उंची ५ फूट ६ इंच. नेव्हिल शेड आणि विली केगर हे मॉरिस हायस्कूलचे; अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेलही याच मॉरिसमधून १९५४ मध्ये बाहेर पडले होते. पण या तिघांना घडवलं हिल्टन व्हाइट यांनी. न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यात ते खेळांचं काम पाहत आणि वस्तीतल्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांकडून तासन् तास सराव करून घेत. तिघांनाही एल पासोचा रस्ता त्यांनीच दाखवला. मोठ्या कॉलेजांचे लोक शाळेच्या सामन्यांना खुर्ची टाकून बसायचे. हॅस्किन्सकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून त्यांची भिस्त अशा ओळखींवर.

बॉबी जो हिल डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कचा, तिथून तो आयोवातल्या बर्लिंग्टनच्या ज्युनियर कॉलेजात गेला. (तिकडचं ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. बारावीनंतरची दोन वर्षं तिथे काढून मग मोठ्या विद्यापीठात जाता येतं; गुण किंवा पैसे कमी पडलेल्या खेळाडूंचा हा ठरलेला मार्ग.) आणि डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनच्या वर्दिंग हायस्कूलचा, म्हणजे या सातांत टेक्सासचा तो एकटाच. वर्दिंग ही कृष्णवर्णीयांची शाळा. टेक्सासच्या अधिकृत शालेय स्पर्धांत अशा शाळांना जागा नव्हती, त्यांची प्रेरी व्ह्यू लीग वेगळी चाले. राज्यातल्या ज्या विद्यापीठांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी व्हायची, त्यांच्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, तोवर एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू खेळला नव्हता.

एल पासोची निवड या मुलांनी का केली, याचं उत्तर इथे आहे. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं बंद. उत्तरेतली उघडी, पण आत मोजदाद चाललेली: घरच्या मैदानावर दोघे, बाहेरगावी तिघे, संघ मागे पडला तर आणखी एखादा, असं प्रशिक्षकांमध्ये उघड थट्टेने बोललं जाई. एल पासोत ही मोजदाद नव्हती. आपण समाजसुधारणा करायला निघालो नव्हतो, जे चांगले खेळत होते त्यांना उतरवलं, असंच हॅस्किन्स आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचं म्हणणं मला खरं वाटतं. गरजेपोटी माणूस कधीकधी तत्त्ववाद्यापेक्षा सरळ वागतो.

संघात बारा जण होते. बाकीचे पाच कृष्णवर्णीय नव्हते. डेव्हिड पालासिओ आणि टोगो रेली एल पासोचेच, लू बॉदोइन अल्बुकर्कीचा, डिक मायर्स कॅन्ससचा, जेरी आर्मस्ट्राँग मिझुरीतल्या ईगलव्हिल या चिमुकल्या गावचा. उपांत्य फेरीत यूटाचा जेरी चेंबर्स आवरेना, त्याने ३८ गुण काढले, तेव्हा त्याच्यामागे लावलेल्या आर्मस्ट्राँगने त्याला जरा वेसण घातली. अंतिम सामन्यात मात्र हे पाचही जण बाकावरच राहिले.

मोसमाबद्दल थोडक्यात. ओळीने २३ विजय, मग ५ मार्चला सिॲटलकडून ७४-७२ अशी हार, ती एकमेव. राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमा सिटीला सहज हरवलं. सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळेत ७८-७६. कॅन्ससविरुद्ध दोनदा जादा वेळ, ८१-८०; त्यात कॅन्ससच्या जो जो व्हाइटने शेवटच्या क्षणी बास्केट केली होती, पण पंचांनी त्याचा पाय रेषेवर पडल्याचा निर्णय दिला. तो पाय बोटभर आत असता तर हा लेखही लिहिला गेला नसता.

अंतिम सामन्यात हॅस्किन्सनी उंच शेडला बाहेर ठेवून बुटक्या वर्सलीला घेतलं, कारण केंटकीचा संघ उंचीने कमी पण पळणारा होता. सुरुवातीलाच लॅटिनने पॅट रायलीच्या डोक्यावरून चेंडू दणकन जाळ्यात आपटला. नंतर हिलने टॉमी क्रॉन आणि लुई डॅम्पियर यांच्या हातातून लागोपाठ दोनदा चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा एकटा धावत जाऊन बास्केट केली. गुणपत्रक मात्र वेगळी कथा सांगतं. खेळातून केलेल्या बास्केट केंटकीच्या २७, टेक्सास वेस्टर्नच्या २२ च. फरक पडला तो फ्री थ्रोमध्ये, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकींत: टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ घातले, केंटकीला मिळालेच १३, त्यांतले ११ गेले. हिलचे २०, लॅटिनचे १६, आर्टिसचे १५ गुण. फ्लॉर्नॉयचा गुडघा लवकर दुखावला, त्याचे दोनच. ही मुलं बेफाम, बेशिस्त खेळतात हा तेव्हाचा लाडका समज होता. फ्री थ्रोच्या रेषेवर ३४ पैकी २८ बेशिस्तीने जात नाहीत.

केंटकीच्या मुलांनाही खलनायक करण्यात अर्थ नाही. रायली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या लिंटन हायस्कूलचा. शाळेत असताना त्याच्या संघाने लू अल्सिंडरच्या, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारच्या, पॉवर मेमोरियलला हरवलेलं. प्रश्न होता तो केंटकीच्या संघात कोण नव्हतं याचा. केंटकी राज्यातल्याच लुइव्हिलच्या सेनेका शाळेला १९६३ आणि १९६४ मध्ये राज्य विजेतेपद मिळवून देणारा वेस अनसेल्ड हाकेच्या अंतरावर होता. तो लुइव्हिल विद्यापीठात गेला. १९६५ ची विजेती शाळा ब्रेकिनरिज काउंटी, तिचा बुच बिअर्डही तिकडेच. रप यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, आला तो १९६९ मध्ये.

टेक्सास वेस्टर्नचं नाव १९६७ मध्ये बदलून टेक्सास विद्यापीठ, एल पासो असं झालं. गौरव मात्र निर्भेळ राहिला नाही. १९६८ मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या अवस्थेवर लेखमाला चालवली, त्यात याच कॉलेजवर झोड होती: खेळाडू वापरून घेता, पदवीचं काय? त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या मैदानी शर्यतींवर बहिष्कार घातला म्हणून कृष्णवर्णीय ॲथलीट संघातून काढले गेले. त्यांत बॉब बीमन होता. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने लांब उडीत ८.९० मीटरचा विश्वविक्रम केला. १९६६ च्या संघाला मानाचं स्थान द्यायला बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेमने २००७ साल उजाडू दिलं. हॅस्किन्स पुढच्या वर्षी गेले.

शाळांचा धागा मात्र टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये जाऊन मिळतो. तिथली पर्ल हायस्कूल कृष्णवर्णीयांची. १९६३ मध्ये चार कृष्णवर्णीयांसह सुरुवात करून शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या चौघांतले दोघे, लेस हंटर आणि व्हिक राउस, पर्लचे होते. त्यांचा कर्णधार जेरी हार्कनेस ब्राँक्सच्या डीविट क्लिंटनचा, वर्सलीच्याच शाळेचा. टेनेसीने शालेय स्पर्धा सर्वांना खुली केली ती १९६६ मध्ये. पर्ल पहिल्यांदाच उतरली, एकही सामना न हरता ३१-० अशी विजेती ठरली, आणि अंतिम सामन्याचा दिवस होता १९ मार्च १९६६, कोल फील्ड हाउसमधल्या सामन्याचाच. पर्लचा सेंटर पेरी वॉलेस वर्गातही पहिला. गावातल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्याने नाव घातलं आणि १९६७-६८ च्या मोसमात केंटकी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळायचं, तिथे उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू झाला. मिसिसिपीत त्याला शिव्या आणि धमक्या ऐकाव्या लागल्या. एल पासोच्या मुलांबरोबर निदान सहा जण होते. वॉलेस कोर्टवर एकटा होता. पुढे तो वॉशिंग्टनमध्ये कायद्याचा प्राध्यापक झाला.