धर्मनिरपेक्षता १९७६ साली आली, हे खरं नाही

निवडणूक जवळ आली की मराठवाड्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: आणीबाणीत, १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि देश धर्मनिरपेक्ष झाला, बाबासाहेबांच्या घटनेत तसलं काही नव्हतं. प्रास्ताविकेत तो शब्द तेव्हा आला, एवढं बरोबर. बाकी साफ चूक.

नांदेडचंच बघा. हुजूर साहिबच्या रस्त्यावर शीख माणूस कृपाण लावून उघडपणे चालतो. हा हक्क कलम २५च्या स्पष्टीकरणात २६ जानेवारी १९५०पासून लिहिलेला आहे. त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सगळ्या जातींना खुली करणारा कायदा करायची मुभा सरकारला दिली आहे. धर्म घरात कोंडून ठेवा, असं घटना कुठेच म्हणत नाही. पण एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नाही (कलम २७) आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही (कलम २८).

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम ३२५. एका मतदारसंघात मतदारयादी एकच, धर्मावरून कुणाचं नाव वगळायचं नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या लोकांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलं ते याच सामाईक यादीतून.

सर्वोच्च न्यायालयातल्या केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी धर्मनिरपेक्ष स्वरूप हे घटनेच्या मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या भागात धरलं. तो निकाल एप्रिल १९७३चा, म्हणजे ४२व्या दुरुस्तीच्या तीन वर्षं आधीचा.