ट्रॅव्हलरमध्ये फौज म्हणजे मरण?

अपशिंगे मिलिटरीसारखं गाव असलेल्या साताऱ्यातही ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळातला भूमिका-खेळ (रोलप्लेइंग गेम) खेळणारे पात्राला फौजेत घालायला बिचकतात. म्हणे, पात्राची आधीची नोकरी फाशांनी ठरवतानाच, खेळ सुरू होण्याआधीच ते मरतं. हे अर्धंच खरं. 1977च्या नियमांत चार वर्षांच्या प्रत्येक सेवेला जगण्यासाठी दोन फासे टाकून किमान ठरावीक बेरीज आणावी लागे. हुकली की पात्र खलास. पण लष्कराला आणि नौदलाला 5 पुरत, मरीनना 6. खरे घातक स्काउट, म्हणजे अंतराळातले टेहळे! त्यांना 7 लागत, म्हणजे पात्राच्या अंगच्या गुणांची सवलत नसेल तर जवळपास 42 टक्के धोका, वर बढतीही नाही. (निवृत्तीला जहाज मिळू शकतं, हा मोह मात्र मोठा.) 1981मध्ये मरणाऐवजी जखमी होऊन सेवा सोडण्याचा पर्याय आला. मंगूस या प्रकाशकाच्या 2008च्या आवृत्तीत तर दान हुकलं की बहुधा नोकरीच जाते.