ललिता पवार

ललिता पवार (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८) : मराठी व हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. मूकपटांचा जमाना सरत असताना त्या कॅमेऱ्यासमोर आल्या आणि दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका घराघरांत पोहोचली तेव्हाही काम करत होत्या. मधल्या साठ वर्षांत शेकडो चित्रपट झाले. ‘खाष्ट सासू’ या दोन शब्दांत त्यांची ओळख उरकली जाते, ती अपुरी आहे.

त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. वडील रेशमी व सुती कापडाचे व्यापारी, घरचे वातावरण जुन्या वळणाचे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली, हे लक्षात घेतले म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांनी अशा घरातील मुलगी चित्रपटात येणे किती मोठी गोष्ट होती हे कळते. नानासाहेब सरपोतदारांच्या पुण्यातील आर्यन फिल्म कंपनीने त्यांना बालकलाकार म्हणून पडद्यावर आणले. त्या काळात त्या ‘अंबू’ या नावाने ओळखल्या जात. पुढे दिग्दर्शक जी. पी. पवार यांच्या स्टंटपटांतून त्या नायिका झाल्या. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी काम तर केलेच, शिवाय सहनिर्मितीही केली. तेव्हा त्यांचे वय सोळाच्या आसपास होते.

भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, त्यामुळे अंबूचे त्या काळातील काम पाहायला मिळत नाही. ही हानी मोठी आहे. मात्र त्या शाळेत त्या काय शिकल्या ते पुढच्या प्रत्येक चित्रपटात दिसते. मूकपटात मजकुराची पाटी पडद्यावर येण्याआधीच पात्राच्या मनातले प्रेक्षकाला कळावे लागे. त्यासाठी हाती होते ते फक्त चालणे, मान, हात आणि डोळे. १९३१ मध्ये बोलपट आला आणि नट शब्दांवर विसंबू लागले. ललिताबाईंनी शब्द घेतले, पण शरीराची भाषा सोडली नाही. त्यांची पात्रे खोलीत शिरतात तेव्हाच घरातील सत्ता कोणाकडे आहे हे उमजते, तोंड उघडण्याची गरज नसते. बोलपटाची सुरुवातीची मागणी गाणारी नायिका ही होती. तीही त्यांनी पुरी केली. १९३५ सालच्या ‘हिम्मत-ए-मर्दा’मध्ये त्यांनी गाणी म्हटली. १९३९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्येही त्या होत्या.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारण्याचा एक प्रसंग होता. फटका जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, उपचार दीर्घकाळ चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. वय होते सव्वीस.

या अपघाताने त्यांना चरित्र अभिनेत्री केले, असे नेहमी सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४१ मध्ये, वि. स. खांडेकरांच्या कथेवरील आणि मास्टर विनायक दिग्दर्शित ‘अमृत’मध्ये त्यांनी चांभाराच्या बायकोची भूमिका केली होती. त्या भूमिकेला नटवेपणाचा उपयोग नव्हता, माणूस उभे करायचे होते. म्हणजे रूपापलीकडे पाहण्याची तयारी आधीपासून होती. अपघाताने परतीची वाट बंद केली, एवढेच. १९४४ मध्ये ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका जिच्या नावाला चिकटली आहे, ती पेशव्यांच्या घरातील ही महत्त्वाकांक्षी स्त्री. अधू डोळा पडद्यावर लपवायचा नाही, त्याला कामाला लावायचे, हा मार्ग इथून पुढे पक्का झाला.

१९५० सालच्या व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये त्यांनी हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू केली आणि पुढे निर्माते पुन्हा पुन्हा तीच सासू मागू लागले. चरित्र अभिनेत्याची ही जुनी अडचण आहे : एक भूमिका गाजली की तिच्याच नकला हाती येतात. तो एका वेळी अनेक चित्रपटांत थोडे थोडे काम करतो, त्यामुळे संख्या वाढत जाते आणि लक्षात राहण्याजोगे काम त्या गर्दीत हरवते. ललिताबाईंच्या बाबतीत मात्र या गर्दीतही चांगल्या दिग्दर्शकांनी त्यांची दुसरी बाजू हेरली. ‘दाग’मध्ये (१९५२) त्या दारूत बुडालेल्या मुलाची आई आहेत, तर ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. परक्या शहरात आलेल्या नायकाला, राजला, ही बाई आधी फटकारते आणि मग जीव लावते.

एकच वर्ष निवडायचे तर १९५९ निवडावे. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्या जातीचा अभिमान बाळगणाऱ्या, घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीला कधीच आपली न मानणाऱ्या आत्याबाई आहेत. हृषिकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त त्या घरमालकीण मिसेस डिसा आहेत : भाड्यावरून भाडेकरूला ओरडणाऱ्या, आणि त्याला पोटच्या मुलासारखे जपणाऱ्या. डोळा तोच, आवाजाची धारही तीच. पहिल्या चित्रपटात ती धार समोरच्याला दूर ढकलते. दुसऱ्यात तीच धार माया लपवण्यासाठी वापरली आहे, आणि म्हणून ती माया अधिक खरी वाटते. बनावट औषधाने मिसेस डिसांचा मृत्यू होतो तो चित्रपटाचा कणा आहे, कारण तोवर प्रेक्षकाने त्यांना आपल्या घरातील माणूस मानलेले असते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

विनोदातही त्या कमी नव्हत्या. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) भाच्यांना धाकात ठेवणारी करडी मावशी म्हाताऱ्याच्या वेशातील शम्मी कपूरच्या प्रेमात पडते. इथे हास्यास्पद होणे सोपे होते. ललिताबाईंनी त्या बाईचे एकटेपण जपले, त्यामुळे हसतानाही तिच्याविषयी कणव वाटते. ‘आनंद’मध्ये (१९७१) मुखर्जींनी त्यांना पुन्हा बोलावले, रुग्णालयातील शिस्तीच्या मेट्रन म्हणून, आणि पात्राला आडनाव दिले तेच, डिसा.

१९६१ सालच्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटात त्यांनी मंथरा केली होती. १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या मालिकेत सव्वीस वर्षांनी ती पुन्हा त्यांच्याकडे आली. वय सत्तरीपार गेलेले, पाठीत वाक, हातात काठी. कैकेयीच्या कानाशी लागून बोलताना थांबायचे कुठे आणि डोळा बारीक करायचा कधी, हे त्यांना पाठ होते. मूकपट कधीच न पाहिलेल्या पिढीने मूकपटात घडलेला हा अभिनय घरी बसून पाहिला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथे त्यांचे निधन झाले.