७७७ करूनही ४०३ का येतं?

वेबसाइटवर ४०३ फॉरबिडन दिसलं (म्हणजे सर्व्हरने पान द्यायला नकार दिला) की कुणीतरी हमखास सांगतं, फाइलला ७७७ दे, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, चालेल. लोक देतातही, आणि पुष्कळदा ४०३ जागचं हलत नाही, कारण अडलंय ते त्या फाइलपाशी नाहीच. सर्व्हरचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा, तिथे '१३: परमिशन डिनाइड' असेल तर पुढचं वाचा.

लिनक्समधे परवानग्या तिघांना, मालक, ग्रुप आणि बाकीचे, प्रत्येकाचा एक आकडा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७ म्हणजे सगळंच मोकळं. आणि वेब सर्व्हर तुमच्या नावाने चालत नाही, उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेगळ्या अकाउंटने चालतो, हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे अॅप फोडलं तरी हल्लेखोराला तेवढ्याच अकाउंटचे हक्क मिळतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. फोल्डरवरच्या त्या १ चा अर्थ चालवणे नसून 'यातून पुढे जाऊ देणे' असा आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाइलचा पाथ रूटपासून (सगळ्यात वरचा '/' फोल्डर) सुरू करतो, मग होम, मग तुमचा फोल्डर, मग साइट, आणि दरवेळी बघतो की या अकाउंटला इथून पुढे जाता येतं का, एका ठिकाणी जरी नाही म्हणाला तरी काम तिथेच थांबतं, शेवटच्या फाइलवर काय लिहिलंय ते तो बघतसुद्धा नाही! उबुंटूत २१.०४ पासून नव्या अकाउंटचा होम फोल्डर ७५० असतो, म्हणजे 'बाकीच्यां'ना शून्य, म्हणून तिथे ठेवलेली साइट अडते. 'नेमआय -एल' (namei -l) या कमांडला पूर्ण पाथ द्या, प्रत्येक टप्प्याचे हक्क एकाखाली एक दिसतात. होमला ७११ दिलं तर सर्व्हर आत जाऊ शकतो पण आतली यादी वाचू शकत नाही. त्याहून बरं म्हणजे साइट होमबाहेर हलवा.

अजून एक, कर्नल तीन आकड्यांतला एकच लावतो. मालक असाल तर मालकाचाच, त्यामुळे ०७७ ची फाइल जगाला मोकळी आणि मालकाला बंद.

७७७ हा काही मंत्र नाही, त्याने सर्व्हरवरचं कुठलंही अकाउंट तुमचा कोड बदलू शकतं. सर्व्हर सारखा रिस्टार्ट करूनही परवानग्यांचे हे बिट बदलत नाहीत. रिस्टार्ट लागतो तो सर्व्हरच्या अकाउंटला नव्या ग्रुपमधे टाकल्यावर, कारण चालू प्रोसेसकडे जुनीच ग्रुपची यादी असते.

रेड हॅट, फेडोरावर सगळे बिट बरोबर असूनही अडलं तर 'एलएस -झेड' (ls -Z) ने फाइलचं लेबल बघा, तिथे एसइलिनक्स ही वेगळी सुरक्षा व्यवस्था लेबल बघून अडवते. ती बंद करू नका, साइट नेहमीच्या जागी असेल तर लेबल पूर्ववत करायला बहुतेकदा 'रिस्टोअरकॉन' (restorecon) पुरतं.