सामाजिक उद्योग (कोकणातील शहरी वस्त्या)

वस्तीतल्या माणसांना काम मिळावे, मिळकत वस्तीतच फिरावी आणि धंद्याचे निर्णय तिथल्याच लोकांच्या हाती राहावेत, या हेतूने चालवलेला व्यवसाय म्हणजे सामाजिक उद्योग. नफा त्यालाही लागतोच. फरक नफ्याच्या वाटपात आणि मालकीत असतो. असे उद्योग, त्यांना भांडवल पुरवणारी सामूहिक बचत आणि धंद्याला लागणारी जागा या सगळ्यांतून वस्तीचा आर्थिक विकास घडतो. मोठ्या शहरांतल्या मागे पडलेल्या मध्यवस्तीत ही कल्पना प्रथम रुजली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत १९६७ साली स्थापन झालेली विकास संस्था तिच्या आरंभीच्या उदाहरणांत गणली जाते. कोकणातील शहरे आकाराने लहान आहेत, पण जुनी, दाटीची आणि हातात कसब असलेली मध्यवस्ती इथेही आहे. पेणची कुंभारआळी, सावंतवाडीची चितारआळी, रत्नागिरीचे राजिवडा आणि मिरकरवाडा, चिपळूणची बाजारपेठ ही तिची ठिकाणे.

या वस्त्यांचे अर्थकारण दीर्घकाळ बाहेरून येणाऱ्या पैशावर चालले. मुंबईत १८५४ पासून कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या, तसा कोकणी माणूस चाकरमानी झाला आणि घर मनीऑर्डरीवर चालू लागले. पुढे मोहल्ल्यांमध्ये आखाती देशांतला पैसा आला. त्यातून घरे पक्की झाली, मुले शिकली, लग्ने पार पडली. वस्तीत रोजगार देणारा धंदा मात्र त्यातून क्वचितच उभा राहिला. खुद्द मुंबईत चित्र थोडे वेगळे होते. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका चालवत. किराणा उधारीवर आणायचा, कामगारांचे पैसे पगाराला मिळणार, मधला महिना सावकाराच्या पैशावर काढायचा, असा तो व्यवहार. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांचे गट बांधले, एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराची गाठ सोडवली. त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. तिथून वाढलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेत पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक असते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. गावातच काही उभे करण्याची निकड कोकणातल्या घराघरांत तेव्हा पोचली.

आज या उद्योगांचा पाया बचत गट हा आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) १९७५ मध्ये स्थापन झाले. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडणारा कार्यक्रम सुरू केला. शहरांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्यात गटांचा वस्तीस्तर संघ आणि त्यावर शहरस्तर संघ अशी रचना आखली गेली. कागदावरच्या या उतरंडीपेक्षा गटाची बैठक अधिक बोलकी असते. कुणाच्या तरी पडवीत सतरंजी पडते, हजेरी होते, उशिरा आलेलीकडून दंड घेतात. बचत गोळा होते, मग कर्जाची मागणी कोणाची, कशासाठी, मागचा हप्ता आला का, हे सगळ्यांसमोर बोलले जाते आणि सचिव वहीत उतरवते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी ही गटाची पंचसूत्री. यातली शेवटची सर्वांत कमी लेखली जाते, आणि गट मोडतात ते बहुधा तिथेच. वही नीट असेल तर भांडण मिटते. नसेल तर दहा वर्षांची मैत्रीही तुटते.

कोकणातल्या धंद्याची खरी अडचण हंगामाची आहे. कसब आहे, मालाला मागणी आहे, पण पैसा एका मोसमात जातो आणि दुसऱ्या मोसमात येतो. कोकमाचे पाहावे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत. ते फोडून बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या. अशी पुटे चढली की आमसूल काळेभोर आणि मऊ होते. रसापासून आगळ होते, साखरेत मुरवून अमृत कोकम, बियांपासून मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल. हे सगळे जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत उरकावे लागते. म्हणजे रातांब्यांचे, मिठाचे, साखरेचे, बरण्यांचे आणि मजुरीचे पैसे त्या पाच-सहा आठवड्यांत रोख मोजायचे, आणि विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी. ज्या गटाकडे मे महिन्यात रोकड नसते तो रातांबे व्यापाऱ्याला विकतो किंवा व्यापाऱ्यासाठी मजुरीवर फोडतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ मात्र तयार माल हाती राखून ठेवू शकणाऱ्यालाच होतो. मासळीचेही तसेच: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचे ते दोन महिने सुक्या मासळीवर किंवा उसनवारीवर जातात. म्हणून कोकणात बचत गटाचे सर्वांत मोलाचे काम हंगामापूर्वी हातात रोकड देणे हे आहे. प्रशिक्षणाची शिबिरे आणि प्रमाणपत्रे त्यानंतर.

वेंगुर्ल्यात नवा मार्ग निघाला. मांडवी खाडीत मासेमार कुटुंबांतल्या बायकांच्या स्वामिनी बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या प्रकल्पाची त्यांना साथ होती. बायका स्वतः होडी वल्हवतात आणि तिवराच्या जाती, पक्षी, खेकडे दाखवत माहिती सांगतात. खाडी राखली तरच हा धंदा राहतो, त्यामुळे राखणदारी आणि मिळकत इथे एकाच हातात आली आहे. त्याच शहरात नगर परिषदेने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त बसवली आणि कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असे प्रक्रिया केंद्र उभे केले.

सावंतवाडीची गोष्ट जुनी. चितारआळीत रंगीत लाकडी खेळणी, फळे आणि पाट बनवणारी चितारी घराणी आहेत. लाकूड पूर्वी हलक्या पांगाऱ्याचे असे. तो दुर्मीळ झाला. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करण्याची कला तर लोपतच होती. इथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कार्यशाळा सुरू करून नवे हात तयार केले. कला वाचली ती त्यामुळेच, आणि या ऋणाचा उल्लेख आदराने व्हायला हवा. मात्र राजाश्रयाने वाचवलेली कला आणि आळीने स्वतःच्या मालकीचा चालवलेला धंदा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरीसाठी लाकडाची सामूहिक खरेदी आणि आळीचे स्वतःचे विक्रीकेंद्र लागते.

जागेचा प्रश्न सर्वच शहरांत आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात असे सांगितले. पथविक्रेत्यांसाठीच्या २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेतून तेव्हा पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज मिळू लागले. पण भाजीवाली किंवा मासळीवाली पिढ्यान्‌पिढ्या जिथे बसते ती चार फुटांची जागा नव्या मंडईच्या आराखड्यात राहते की नाही, यावर तिचे सगळे उत्पन्न अवलंबून असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा भाड्याच्या गाळ्यात विम्याशिवाय बसलेल्यांचा माल आणि भांडवल एका रात्रीत गेले. पूररेषेतल्या वस्तीत सामूहिक विमा आणि उंचावरचे सामायिक गोदाम हे सामाजिक उद्योगाचेच विषय आहेत, आणि त्यांकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पेणमध्ये हे सगळे धागे एकत्र दिसतात. इथल्या गणेशमूर्तींचे कारखाने अनेकदा राहत्या घरालाच लागून असतात. साच्यातून मूर्ती काढणे, घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी अशी कामाची वाटणी असते. रंगकामात बायकांचा वाटा मोठा. आखणी करणारा कारागीर सर्वांत मानाचा, कारण मूर्तीचा भाव त्याच्या हातावर ठरतो. माती आणि रंगांचे पैसे वर्षभर गुंततात, वसुली भाद्रपदात होते. म्हणजे इथेही मधल्या महिन्यांच्या पैशाचाच प्रश्न. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार बंद पडले आणि २०१४ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. लहान ठेवीदारांची वर्षानुवर्षांची पुंजी त्यात अडकली. नाव सहकारी असून भागत नाही, हिशेब सभासदांना दिसला पाहिजे, हे या शहराने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनी त्याच्या मूर्तींना मनाई केली, पुढे प्रकरण न्यायालयात लढले गेले. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, पण ती पावसाळी हवेत सावकाश वाळते, जड असते, हाताळताना तुटते आणि तेवढ्याच हातांनी कमी संख्येने होते. तिच्याकडे वळायचे तर लहान कारखानदाराला मूर्ती ठेवायला जास्त जागा, लवकर सुरुवात आणि त्या वाढीव महिन्यांचे कर्ज लागेल. ते कोणत्या दराने आणि कोणाकडून मिळते, यावर कुंभारआळीतले किती कारखाने स्वतःच्या नावावर राहतील हे ठरेल.