कॅटमरान, भाड्याची

दोन सारखे, अरुंद सांगाडे (पाण्यावर तरंगणारी नौकेची अंगे) आडव्या मंचाने जोडून केलेली शिडाची नौका. सहलीसाठी ती दिवसांच्या वा आठवड्याच्या बोलीने भाड्याने दिली जाते. शब्द तमिळ: कट्टु (बांधणे) + मरम् (लाकूड, झाड). मात्र कोरोमंडल किनाऱ्यावरचे कट्टुमरम् म्हणजे काथ्याने बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. त्याला दोन सांगाडे नसतात. इंग्रज खलाशी विल्यम डॅम्पिअर याने 1697 च्या प्रवासवर्णनात एक-दोन हलक्या ओंडक्यांचीच कॅटमराने नोंदवली आहेत. हे नाव जोडनौकेला बहुधा 19 व्या शतकात चिकटले असावे.

खुद्द जोडनौकेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. इ.स. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील, एकसंध ओंडके जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख येतो. काही अभ्यासक त्याचा संबंध संस्कृत ‘संघाट’शी लावतात. मराठीत दोन होड्या किंवा लाकडे जोडून केलेल्या तरंडाला ‘सांगड’ म्हणतात. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्याच कुळातला दिसतो. शब्दार्थाने पाहता आजच्या नौकेला ‘सांगड’च अधिक शोभले असते. कोकणातील उलांडीची होडी मात्र वेगळी: तिला सांगाडा एकच, बाजूला तोल राखणारे लाकूड. नौकांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी दक्षिण भारतातील अशा होड्यांचे नाते आग्नेय आशिया व पॅसिफिकशी जोडले. आधुनिक रचनेची प्रेरणा पॉलिनेशियाची आणि नाव तेवढे तमिळ, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टोंगाजवळ डच खलाशांनी 1616 मध्येच मोठ्या जोडनौका पाहिल्या होत्या. यूरोपात विल्यम पेटी याने 1662 मध्ये डब्लिनला केलेला जोडनौकेचा प्रयोग रुजला नाही. अमेरिकेत नथॅनिएल हेरशॉफ याची ‘अ‍ॅमरिलिस’ ही जोडनौका 1876 मध्ये न्यूयॉर्कची शर्यत जिंकली. तक्रारी झाल्या आणि तिला बाद ठरवले गेले.

एका सांगाड्याच्या नौकेत पठाणाखाली (तळाच्या कण्याखाली) शिसे वा लोखंडाचे वजन असते; वारा वाढला की ती कलते आणि तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) इशारा मिळतो. कॅटमरान रुंदीवर तोल राखते (12 मी. लांबीला रुंदी साधारण 6.5 ते 7 मी.). ती फारशी कलत नाही, त्यामुळे टेबलावरचा चहा सांडत नाही. पण इशाराही मिळत नाही. म्हणून शीड केव्हा आखडायचे हे वायुवेगमापकावर पाहून, बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे ठरवावे लागते. एकदा उलटली तर ती आपोआप सुलटी होत नाही. पाण्याखालचा भाग सुमारे 1.2 मी. असल्याने उथळ खाडीत शिरता येते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढताना मात्र ती मागे पडते. नांगर टाकल्यावर दोन्ही सांगाड्यांच्या पुढच्या टोकांपासून एकेक दोर आणून साखळीला अडकवतात. हा इंग्रजी वाय अक्षरासारखा लगाम नसेल तर नौका रात्रभर डावी-उजवीकडे भरकटत राहते.

भाडेव्यवसायाचे ठळक केंद्र म्हणजे कॅरिबियनमधील ब्रिटिश व्हर्जिन बेटे. टॉर्टोला बेटावर ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी 1969 मध्ये सहा नौकांवर सुरू झाली. त्या एका सांगाड्याच्या होत्या. सर फ्रान्सिस ड्रेक खाडीला दोन्ही बाजूंनी बेटांचा आडोसा आहे, पुढचे बेट सहसा नजरेत असते, व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्वेच्या व्हर्जिन गोर्डा बेटाकडे जाताना कष्ट, परतताना आराम. सखल, प्रवाळी अनेगाडा बेटाकडे जाण्यास काही करारांत मनाई किंवा पूर्वपरवानगीची अट असते. रात्री शीड चालवण्यासही बहुधा मनाई असते.

चार खोल्यांच्या नौकेवर साधारण आठ जण राहतात. ‘बेअरबोट’ पद्धतीत गटातीलच कोणी तांडेल असतो व कंपनी त्याचा अनुभव तपासते. अन्यथा पगारी तांडेल घेतात. त्याची झोपायची जागा आणि जेवण गटाकडे असते, हे खोल्या वाटून घेताना हमखास विसरले जाते. अनामत, इंधन, बोयाचे (नौका बांधायच्या तरंगत्या खुणेचे) रात्रभाडे वेगळे. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. 6 सप्टेंबर 2017 च्या इर्मा वादळात ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील भाड्याच्या ताफ्यातील बऱ्याच नौका निकामी झाल्या.